रंग गेला, पण कुठे? अकरावीच्या एका प्रकल्पाच्या नोंदी

17 नोव्हेंबर 2025, सोमवार

चौघांचा गट ठरला. दोन मुली, दोन मुलं. विषय त्यांनीच आणला: हायड्रोकार्बन (फक्त कार्बन आणि हायड्रोजनचं संयुग) संपृक्त (कार्बन-कार्बनमध्ये फक्त एकेरी बंध) की असंपृक्त (दुहेरी किंवा तिहेरी बंध असलेलं) हे ओळखायचं आणि त्यात कोणत्या प्रकारची अभिक्रिया झाली तेही सांगायचं. मला वाटलं, दोन प्रॅक्टिकलमध्ये उरकेल. दहावीच्या पुस्तकातलंच तर आहे. ब्रोमीनचा रंग गेला की असंपृक्त, राहिला की संपृक्त.

मराठी माध्यमातून आलेल्या दोघांना 'समावेशन' (दुहेरी बंधावर नवे अणू येऊन बसतात) आणि 'प्रतियोजन' (एका अणूच्या जागी दुसरा येतो) पाठ आहे. अकरावीत त्याच गोष्टींना अॅडिशन आणि सबस्टिट्यूशन म्हणतात, हे त्यांच्या अजून अंगवळणी पडलेलं नाही. एकीला तर या चार वेगळ्या अभिक्रिया वाटत होत्या. नोव्हेंबर उजाडेपर्यंत हे आमच्या लक्षात आलं नाही, ही चूक आमचीच. वहीच्या पहिल्या पानावर जोड्या लिहून घेतल्या आणि पुढची वही मराठीतच ठेवायची असं ठरलं.

कपाटातून निघालेलं सामान: हेक्झेन (संपृक्त) भरपूर, सायक्लोहेक्झीनची अर्धी बाटली (असंपृक्त; महाग, जपून), टोल्युइन, ब्रोमीनचं एक अँप्यूल. बेंझिन वापरायचं नाही, ते कर्करोगकारक आहे.

ब्रोमीन जल (पाण्यात विरघळवलेलं ब्रोमीन) मीच बनवलं, फ्यूम हूडमध्ये, हातमोजे घालून. ब्रोमीन पाण्याच्या तिप्पट जड. ड्रॉपर दाबायची गरजच पडत नाही, थेंब आपोआप सुटतात. म्हणून ड्रॉपर बाटलीच्या तोंडापासून लांब न्यायचा नाही. शेजारी हायपोच्या (सोडियम थायोसल्फेटच्या) द्रावणाचं बीकर तयार ठेवलं, ते ब्रोमीन निकामी करतं. सांडलं की त्यावर ओतायचं.

18 नोव्हेंबर, मंगळवार

पहिला तक्ता आला आणि तिन्ही नळ्यांसमोर एकच शेरा: 'रंग गेला. समावेशन.' हेक्झेनसमोरसुद्धा.

नळ्या मागवून पाहिल्या. हेक्झेनच्या नळीत दोन थर होते. खालचं पाणी स्वच्छ, वरचं हेक्झेन नारिंगी. मुलांनी नजर ठेवली होती ती पाण्यावर, कारण ब्रोमीन टाकलं होतं ते पाण्यातून. पाण्याचा रंग गेला हे खरंच आहे. पण तो संपला नाही, वरच्या मजल्यावर राहायला गेला. ब्रोमीनला पाण्यापेक्षा हेक्झेन जास्त मानवतं, एवढाच त्याचा अर्थ. अभिक्रिया काहीच झालेली नाही. टोल्युइनच्या नळीतही तेच.

सायक्लोहेक्झीनच्या नळीत मात्र दोन्ही थर रंगहीन. थेंब पडला, नळी हलवली, रंग नाहीसा. ते बघून उंच मुलगा म्हणाला, "मॅडम, हे तर लगेच दिसतं की." लगेच दिसतं ते खरं, पण आधी तिन्ही नळ्या शेजारी शेजारी धरून बघायला हव्या होत्या.

तक्त्यात नवा रकाना घातला: 'रंग कोणत्या थरात?'

19 नोव्हेंबर, बुधवार

आज पाणी बाद. ब्रोमीनचे थोडे थेंब सरळ हेक्झेनमध्ये विरघळवले. पूर्वी यासाठी कार्बन टेट्राक्लोराइड वापरत. ओझोनच्या कारणाने मॉन्ट्रिअल करारानंतर ते बाजारातून गेलं. आपल्याला हेक्झेन पुरतं, फक्त सावलीत ठेवायचं.

सावलीत का, हाच आजचा प्रयोग. दोन नळ्या, दोन्हींत सारखंच द्रावण. एक काळ्या कागदात गुंडाळली, दुसरी दक्षिणेच्या खिडकीत उन्हात ठेवली. प्रयोगशाळेतल्या मामांनी चहा आणला तेव्हा खिडकीतली फिकी पिवळी झाली होती, कप धुवायला जाईपर्यंत पाण्यासारखी. कागदातली उघडून पाहिली तर नारिंगीची नारिंगीच.

म्हणजे संपृक्त हेक्झेननेही रंग घालवला. मुलांचे चेहरे बघण्यासारखे झाले. मग कालचा नियम खोटा?

खिडकीतली नळी हातात घेऊन तिच्या तोंडाशी अमोनियात बुडवलेली काचकांडी धरली. पांढरा दाट धूर. ओला निळा लिटमस धरला, लाल झाला. हायड्रोजन ब्रोमाइड. हेच सायक्लोहेक्झीनमध्ये केलं, त्याच कोरड्या ब्रोमीनने, सावलीत. रंग क्षणात गेला आणि धूर काहीच नाही.

इथे एक खाचखळगा आहे. ब्रोमीनचा रंग शिल्लक असताना काचकांडी धरली तर ब्रोमीनची वाफ आणि अमोनिया यांचाही पांढरा धूर होतो. लिटमसही ब्रोमीनने आधी लाल, मग पांढरा पडतो. म्हणून रंग पूर्ण गेल्यावरच ही परीक्षा. पहिल्या वेळी घाई केली आणि कागदात गुंडाळलेल्या नळीनेही 'धूर' दिला. ते रीडिंग खोडलं नाही, शेजारी 'घाई' असं लिहायला लावलं.

एसटीने येणाऱ्या मुलीने वहीत स्वतःच्या शब्दांत लिहिलंय ते मला आवडलं: "सायक्लोहेक्झीनच्या गाडीत जागा होत्या, ब्रोमीनचे दोघंही चढले आणि बसले. हेक्झेनची गाडी फुल्ल होती. एक चढला तेव्हा एक हायड्रोजन उतरला, आणि खाली राहिलेला ब्रोमीन त्याला घेऊन गेला." फक्त एक भर घातली: फुल्ल गाडीत चढणारा ब्रोमीन जोडीने नसतो. उन्हाने त्याची जोडी आधी फोडलेली असते, दोन सुटे अणू. अंधारात जोडी फुटत नाही, म्हणून काळ्या कागदातली नळी तशीच राहते.

21 नोव्हेंबर, शुक्रवार

चष्मेवाल्या मुलाने अडचणीचा प्रश्न आणला. त्याने सायक्लोहेक्झीन आणि ब्रोमीन जल अशी जुनी नळी घेतली, रंग गेल्यावर लिटमस टाकला, तर लाल. "मग हे प्रतियोजन का नाही?"

उत्तर पाण्यात आहे. दुहेरी बंधावर एक ब्रोमीन बसतो, आणि दुसरी बाजू दुसऱ्या ब्रोमीनने पकडायच्या आत सभोवतालचं पाणी पकडतं, कारण पाणी कितीतरी पट जास्त आहे. एका कार्बनवर ब्रोमीन, शेजारच्यावर ओएच गट, आणि उरलेलं हायड्रोजन ब्रोमाइड पाण्यात. आहे समावेशनच. अकरावीच्या मुलाने हे लिटमसवरून पकडलं याचं मला कौतुक वाटलं. त्याच्या आधीच्या सगळ्या बॅचना मी 'ब्रोमीन जल' आणि 'ब्रोमीन' एकाच श्वासात शिकवलंय.

दुपारी टोल्युइन. त्याच्या सहा कार्बनच्या वलयात तीन दुहेरी बंध काढतो आपण, मग सायक्लोहेक्झीनसारखा रंग का घालवत नाही? सावलीत तासभर ठेवलं, रंग जागेवर. रसायनशास्त्रज्ञ केकुलेने 1865 मध्ये बेंझिनचं वलय मांडलं तेव्हापासूनचा हा प्रश्न. ते सहा इलेक्ट्रॉन तीन ठरलेल्या जागी नसतात, पूर्ण वलयभर पसरलेले असतात, आणि समावेशन झालं तर ती घडी मोडते. मग लोखंडाचा चिमूटभर कीस टाकला. थोड्या वेळाने रंग उतरायला लागला, नळीच्या तोंडाशी धूर. प्रतियोजन, आणि तेही उन्हाशिवाय. म्हणजे 'ऊन लागलं तर प्रतियोजन' हा मुलांनी परवाच बनवलेला नियमही पडला.

एकाने टोल्युइनची नळी खिडकीत ठेवायला उचलली, ती मी हातातून काढून घेतली. उन्हात ब्रोमीन टोल्युइनच्या वलयावर जात नाही, बाजूच्या मिथिल गटावर (वलयाला लटकलेला एक कार्बन, तीन हायड्रोजन) जातं, आणि बनतं ते बेंझिल ब्रोमाइड. डोळ्यांतून धारा लावणारं. पहिल्या महायुद्धात या जातीची द्रव्यं अश्रुधूर म्हणून वापरली गेली. हे आम्ही फळ्यावर केलं.

जाता जाता मुलांनी हेक्झेन आणि ब्रोमीनची एक नळी काळ्या कागदात गुंडाळून, रबरी बूच लावून, खणात आडवी ठेवली. सोमवारी बघू म्हणाले. 15 मिनिटं अंधारात राहिली होती, अडीच दिवस राहते का ते बघायचंय.

24 नोव्हेंबर, सोमवार

नाही राहिली. खणातली नळी स्वच्छ, पाण्यासारखी.

अर्धा तास वाद. कागदाला भोक असेल. खणात फट असेल. अंधारातही अभिक्रिया होत असेल, फक्त हळू. शेवटच्या शक्यतेवर चौघंही खूश होते, कारण मग प्रकल्प तिथेच संपत होता. मीही जवळजवळ मान डोलावली होती.

मामा नळ्या धुवायला घेऊन गेले आणि परत आले. "मॅडम, हे बूच बाद झालं." बुचाची आतली बाजू पांढरट, बोटाला टणक लागत होती, नखाने खरवडली की भुकटी निघत होती. बाहेरची बाजू मऊच.

रबर! नैसर्गिक रबर म्हणजे आयसोप्रीनची लांबच लांब साखळी, दर पाच कार्बनमागे एक दुहेरी बंध. गंधक घालून पक्कं करतात त्यात सगळे बंध खर्च होत नाहीत. नळी आडवी होती, द्रावण अडीच दिवस बुचाला चाटत होतं. आम्ही संपृक्त हायड्रोकार्बनची परीक्षा घेत होतो आणि उत्तर असंपृक्त बूच देत होतं.

खात्रीसाठी दोन नळ्या, दोन्हींना काचेचं बूच, दोन्ही काळ्या कागदात. एकीत जुन्या बुचाचा वाटाण्याएवढा तुकडा टाकला. चार वाजेपर्यंत तुकड्याच्या नळीचा रंग निम्म्यावर आला होता. दुसरीचा तसाच. ती दुसरी नळी कपाटाच्या वरच्या फळीवर उभी ठेवलीय, तारखेची चिठ्ठी लावून.

26 नोव्हेंबर, बुधवार

घरून आणलेले नमुने. आज पोटॅशियम परमँगनेट: 1 टक्का द्रावण, त्यात थोडा सोडियम कार्बोनेट, थंड. दुहेरी बंध असेल तर जांभळा रंग जाऊन तपकिरी गाळ बसतो. ही बायरची परीक्षा. अडॉल्फ फॉन बायरला 1905 चं नोबेल मिळालं. ब्रोमीनची जागा घेऊ शकेल अशी सोय, कारण ही संपृक्ताला उन्हातही हात लावत नाही. मात्र तिची स्वतःची खोड आहे: ज्याचं ऑक्सिडीकरण होऊ शकतं अशा कशानेही तिचा रंग जातो.

तेलं आधी उरकली. तेल हा हायड्रोकार्बन नाही, त्याच्या रेणूत ऑक्सिजन आहे. पण शेपट्या लांब हायड्रोकार्बनच्याच, आणि दुहेरी बंध त्यांतच. आयोडीनही दुहेरी बंधावरच बसतं, म्हणून आयोडीन टिंक्चरचे मोजून थेंब टाकले. खोबरेल थोड्या थेंबांतच रंगून बसलं, शेंगदाण्याने जास्त पचवले, करडईने त्याहून जास्त, जवसाने सगळ्यांत जास्त. छापील आयोडीन मूल्यं (100 ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन घेतं) याच क्रमाने आहेत: खोबरेल 10 च्या आसपास, शेंगदाणा 90 ते 100, करडई 140 च्या पुढेमागे, जवस 170 च्या वर. करडई इथल्याच घाण्यावरची. खोबरेल सकाळी गोठलेलं होतं, बाटली मुलीने बगलेत धरून पातळ केली. जे आयोडीन घेत नाही तेच थंडीत आधी गोठतं, हे तिचं तिलाच सुचलं.

पेट्रोल: माझ्या स्कूटरमधलं थोडंसं, वर्गाबाहेर, आसपास कुठलीच ज्योत नसताना. परमँगनेट तपकिरी झालं. "असंपृक्त!" थांबा म्हटलं. पंपावर आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि परमँगनेट इथेनॉलचंही ऑक्सिडीकरण करतं. मोजपात्रात 10 मिली पेट्रोल आणि 10 मिली पाणी घालून हलवलं, स्थिर होऊ दिलं. खालचा थर 10 वरून 12 च्या जवळ गेला. इथेनॉल पाण्यात उतरलं. असं तीनदा धुतलेलं पेट्रोल ब्रोमीनला, सावलीत: रंग गेला. म्हणजे दुहेरी बंधही आहेतच. असणारच, रिफायनरीत लांब साखळ्या तोडून पेट्रोल वाढवतात तेव्हा अल्कीन (दुहेरी बंधाचे हायड्रोकार्बन) येतात, आणि बीएस-6 मानकात साध्या पेट्रोलमध्ये ते 21 टक्क्यांपर्यंत चालतात.

रॉकेल रेशनचं, निळं. त्या रंगामुळे काहीच नीट दिसेना. सोडून दिलं.

टर्पेंटाइन रंगाच्या दुकानातलं: रंग ताबडतोब गेला. पाइनच्या चिकातला पायनीन, खराखुरा असंपृक्त हायड्रोकार्बन.

संत्र्याच्या सालीवर गडबड. सालीतल्या तेलात लिमोनीन असतं, दहा कार्बन, दोन दुहेरी बंध. पण मुलाने अख्खी फोड पिळली आणि रसही गेला. रसातलं क जीवनसत्त्व ब्रोमीन, आयोडीन, परमँगनेट तिन्हींचा रंग घालवतं. पुन्हा केलं: नुसती साल दुमडून काचेवर तुषार उडवले, ते हेक्झेनने धुऊन घेतले. तरीही रंग गेला. आता मानलं. उरलेल्या सालीचा तुषार मेणबत्तीवर उडवला, ज्योत चरचरत फुलली, चौघांनी प्रत्येकी एकेकदा करून पाहिलं आणि प्रयोगशाळा संत्र्याच्या वासाने भरली.

2 डिसेंबर, मंगळवार

भंजन. औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन, संपृक्त. ब्रोमीन आणि परमँगनेट दोन्हींना सावलीत नकार. हेच तापवून तोडलं तर?

टफ काचेची नळी आडवी. तळाशी पॅराफिनमध्ये भिजवलेली वाळू, मध्ये फुटक्या क्रुसिबलचे (चिनी मातीच्या मुशीचे) तुकडे, तोंडाला बूच आणि डिलिव्हरी ट्यूब, तिचं टोक पाण्याखाली. तुकडे लालसर होईपर्यंत तापवायचे, मधूनच ज्योत वाळूकडे फिरवायची. बुडबुडे यायला लागले. पहिल्या दोन नळ्या फेकल्या, त्यात हवाच असते. तिसऱ्या नळीत वायू धरला, ब्रोमीन जल टाकून हलवला: रंग गेला. चौथीत परमँगनेट: तपकिरी. संपृक्तातून असंपृक्त, डोळ्यांसमोर. नागोठण्याच्या कारखान्यात इथेन आणि प्रोपेन तापवून इथिलीन काढतात ते मोठ्या प्रमाणावर हेच, आणि त्या इथिलीनचं बहुवारिकीकरण करून (रेणू एकमेकांना साखळीत जोडून) पॉलिथीन.

पाचव्या नळीच्या वेळी उंच मुलाने बर्नर आधी बाजूला घेतला. ट्यूब अजून पाण्यातच. नळी निवते, आतला वायू आक्रसतो, पाणी वर चढतं. हे सगळं मी सकाळी सांगितलं होतं, एकदाच. पाण्याची रेघ डिलिव्हरी ट्यूबमधून सरकताना तिघांनी पाहिली, कुणी बोललं नाही. मग तडक्. नळी मधोमध फुटली, तुकडे ट्रेमध्ये. सगळ्यांना गॉगल होते, खरचटलंही नाही. पण हे एकदा सांगून सोडायचं नव्हतं, कामं वाटतानाच एकाकडे फक्त 'ट्यूब आधी बाहेर' एवढंच द्यायला हवं होतं. पुढच्या वेळी तसं करेन. तो मुलगा दिवसभर गप्प होता.

4 डिसेंबर, गुरुवार

कार्बाइडपासून अॅसिटिलीन. छोटा खडा, पाण्याचे थेंब. वास आला तो अॅसिटिलीनचा नाही, अशुद्धीतल्या फॉस्फीनचा. फॉस्फीनही परमँगनेट खातं, म्हणून वायू आधी मोरचुदाच्या द्रावणातून नेला. मग ब्रोमीनचा रंग गेला, सायक्लोहेक्झीनपेक्षा सावकाश. तिहेरी बंध म्हणजे जास्त चपळ असं मुलं धरून चालली होती. ज्योत काजळी सोडणारी. फळं पिकवायला कार्बाइड वापरायला बंदी का, यावर बराच वेळ गेला. चांदीच्या क्षाराची परीक्षा केली नाही. तो गाळ वाळला की स्फोटक.

8 डिसेंबर, सोमवार

टोमॅटो. हे प्रकल्पात नव्हतं, मला करायचं होतं.

टोमॅटोचा लाल रंग म्हणजे लायकोपीन, 40 कार्बन, 13 दुहेरी बंध आणि त्यात कार्बन-हायड्रोजन सोडून काही नाही. बाजारातून लालबुंद अर्धा किलो, किसून, गाळणीतून गाळून रस 100 मिलीच्या मोजपात्रात. वरून ब्रोमीन जल सावकाश सोडलं, काचकांडी एकदाच वरून खाली फिरवली.

तळाशी लाल. त्यावर नारिंगी, मग पिवळा, मग हिरवा आणि सगळ्यांत वर, जिथे ब्रोमीन जास्त, निळसर. एका मोजपात्रात पट्टे पट्टे. कुणी काही बोलेना. ओळीने जोडलेले दुहेरी बंध रंग देतात. ब्रोमीन त्यात शिरत जाईल तशी ती ओळ बदलत जाते, आणि कुठे किती शिरलं ते उंचीवर दिसतं. चष्मेवाल्याने विचारलं, "रसात क जीवनसत्त्व आहे ना?" आहे. पण ते ब्रोमीनचा रंग घालवेल, टोमॅटोचा हिरवा करणार नाही. त्याने हे उत्तर वहीत लिहून खाली माझी सही मागितली.

12 डिसेंबर, शुक्रवार

अंतिम तक्ता. पहिल्या दिवशी तीन रकाने होते, आता नऊ: थर, पाणी होतं का, ऊन की सावली, लोखंड, रंग जायला लागलेला वेळ, धूर, परमँगनेट, बूच कशाचं, शेरा. 'शेरा' सोडून बाकी सगळं आधी भरायचं असा नियम मुलांनीच केलाय.

18 दिवसांपूर्वी वर ठेवलेली नळी उतरवली. मामांनी काळा कागद सोडला. नारिंगी. किंचित फिकी, पण नारिंगी. उंच मुलाने ती उजेडात धरली नाही, हाताच्या आडोशाने सगळ्यांना दाखवली.

मग टाकून द्यायची वेळ. मी हायपोचं बीकर पुढे केलं, त्याने नळी त्यात ओतली, काचकांडीने ढवळलं. रंग एका क्षणात गेला.

"समावेशन," मागून कुणीतरी गंभीर आवाजात म्हणालं, आणि मामांसकट सगळे हसले.